बालकविरहित विमानसेवा : प्रवाशांची शांतता आणि बालकांचा प्रवास – एक विवेचन

प्रस्तावना :

विमानप्रवास ही एकेकाळी मोजक्या लोकांची चैन मानली जात असे. भारतापुरते बोलायचे तर २००३ मध्ये एअर डेक्कनने अल्पदरातील विमानसेवा सुरू केली आणि त्यानंतर हे चित्र झपाट्याने पालटले. आज विमानात उद्योजक असतो, परीक्षेला निघालेला विद्यार्थी असतो, शस्त्रक्रियेसाठी मोठ्या शहरात जाणारा रुग्ण असतो, तशीच तान्हे मूल मांडीवर घेऊन माहेरी निघालेली लेकुरवाळीही असते. इतके भिन्न गरजांचे लोक काही तास एका बंद कक्षात, एकमेकांच्या अगदी निकट बसलेले असतात. अशा वेळी एखादे मूल रडू लागले की प्रश्न उभा राहतो तो असा : पैसे मोजून तिकीट घेतलेल्या प्रवाशाला शांततेची अपेक्षा करता येईल काय? आणि तशी ती करता येत असेल, तर विमान कंपन्यांनी मुलांना प्रवेश नसलेली उड्डाणे सुरू करावीत काय?

हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. परंतु सार्वजनिक वाहतुकीची साधने कोणासाठी असतात, सोयीसाठी पैसे मोजण्याचा अधिकार कोठपर्यंत जातो आणि समाज आपल्या लहानग्यांना कोठे सामावून घेतो, हे मूलभूत प्रश्न त्यात दडलेले आहेत. म्हणून त्याचा विचार भावनेच्या भरात न करता वस्तुस्थितीच्या आधारे होणे आवश्यक आहे.

उद्दिष्टे :

१) बालकविरहित विमानसेवेच्या दिशेने आजवर झालेल्या प्रमुख प्रयोगांचा आढावा घेणे.
२) या कल्पनेची शास्त्रीय, आर्थिक, सुरक्षाविषयक व कायदेशीर बाजू तपासणे.
३) भारतीय परिस्थितीत कोणती व्यवस्था न्याय्य ठरेल, याबाबत सूचना करणे.

संकल्पनेची स्पष्टता :

या विषयावरील चर्चेत दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. पहिली गोष्ट म्हणजे संपूर्ण बालकविरहित उड्डाण, म्हणजे ज्या विमानात ठरावीक वयाखालील कोणालाही प्रवेश नाही असे उड्डाण. दुसरी गोष्ट म्हणजे विमानातील एखादा शांत कक्ष, म्हणजे काही रांगांपुरते वयाचे बंधन. पहिल्या व्यवस्थेत मुलाला प्रवासच नाकारला जातो, तर दुसरीत केवळ आसनाची जागा बदलते. या दोहोंचे परिणाम सारखे नाहीत. त्यामुळे त्यांचा न्यायही स्वतंत्रपणे करावयास हवा.

आजवरचे प्रयोग :

या संदर्भात ज्या प्रयोगांची ठळक चर्चा झाली, ते विमानातील एखाद्या वर्गापुरते वा काही रांगांपुरते मर्यादित होते. मलेशिया एअरलाइन्सने बोइंग ७४७ विमानांच्या प्रथम वर्गात तान्ह्या मुलांना प्रवेश न देण्याचे धोरण ठेवले होते आणि २०११ मध्ये त्यावर बराच वादंग माजला. २०१२ मध्ये याच कंपनीने आपल्या नव्या एअरबस ए-३८० विमानाच्या वरच्या मजल्यावरील साधारण वर्गाची ७० आसने १२ वर्षांखालील मुलांसाठी बंद ठेवण्याचे जाहीर केले. मात्र टीका झाल्यावर कंपनीला असा खुलासा करावा लागला की, खालच्या मजल्यावरील आसने भरल्यास मुले असलेल्या कुटुंबांना वरच्या मजल्यावरही सामावून घेतले जाईल. नियमाला त्याच्या जन्मासोबतच अपवाद जोडावा लागला, ही गोष्ट लक्षणीय आहे.

फेब्रुवारी २०१३ पासून एअरएशिया एक्स या कंपनीने ७ ते १४ या रांगांचा शांत कक्ष सुरू केला. तेथे १२ वर्षांखालील मुलांना आसन मिळत नसे. मात्र नेहमीच्या आसन-निवड शुल्कापलीकडे वेगळा आकारही घेतला जात नव्हता. त्याच वर्षी सिंगापूरच्या स्कूट या कंपनीने २१ ते २५ या पाच रांगा अशाच प्रकारे राखून ठेवल्या आणि तेथे पाय पसरण्यास अधिक जागा देऊन जादा शुल्क आकारले. २०२३ मध्ये कोरेंडन एअरलाइन्सने अ‍ॅमस्टरडॅम ते कुरासाव या दीर्घ मार्गावर १६ वर्षांवरील प्रवाशांसाठी स्वतंत्र कक्ष जाहीर केला. ४३२ आसनांच्या विमानात १०२ आसने या कक्षात होती. त्यांपैकी ९३ साध्या आसनांसाठी प्रत्येकी ४५ युरो, तर अधिक जागा असलेल्या ९ आसनांसाठी प्रत्येकी १०० युरो असा जादा आकार ठरविण्यात आला. या व्यवस्थेमुळे शांतता हवी असणाऱ्यांची सोय होईल, तसेच आपल्या मुलाच्या रडण्याने इतरांना त्रास होईल या चिंतेतून पालकही मुक्त होतील, अशी कंपनीची भूमिका होती.

जपान एअरलाइन्सने वेगळी वाट निवडली. या कंपनीने कोणालाही बंदी केली नाही. परंतु ८ दिवस ते २ वर्षे वयाचे बालक ज्या आसनावर असेल, तेथे आसननकाशावर लहानसे चिन्ह दाखविण्यास सुरुवात केली. २०१९ मध्ये या सोयीची जगभर चर्चा झाली. या पद्धतीत मूल आपल्या जागी राहते. शांतता हवी असलेला प्रवासी माहिती घेऊन स्वतःच दूरचे आसन निवडतो. बंदी आणि माहिती यांतील हा फरक पुढील विवेचनात महत्त्वाचा आहे.

रडण्यामागील शरीरशास्त्र :

विमानात मूल रडते ते केवळ हट्टापायी वा पालकांच्या निष्काळजीपणामुळे, असा समज आढळतो. तो पुरेसा खरा नाही. विमान उंचावर असताना प्रवासी कक्षातील हवेचा दाब समुद्रसपाटीइतका नसतो. तो साधारणपणे ६,००० ते ८,००० फूट उंचीवरील दाबाइतका राखला जातो. विमान उतरू लागले की हा दाब वाढत जातो आणि मध्यकर्णातील दाबाशी त्याचा मेळ बसेपर्यंत कानात दडे बसतात. घसा व मध्यकर्ण यांना जोडणारी कंठकर्ण नलिका उघडली की हा दाब समतोल होतो. प्रौढ माणूस आवंढा गिळून किंवा जांभई देऊन ती उघडू शकतो. बालकांमध्ये ही नलिका आखूड, अरुंद व अधिक आडवी असते, आणि काय करावे हे त्याला सांगूनही कळत नाही. त्याला फक्त वेदना कळते. म्हणूनच विमान उतरताना बाळाला अंगावर पाजावे किंवा बाटलीने काही प्यायला द्यावे, असा सल्ला दिला जातो. गिळण्याच्या क्रियेने नलिका उघडण्यास मदत होते.

याचा अर्थ असा की, रडणे ही त्या वयातील शरीराची स्वाभाविक प्रतिक्रिया आहे. तो गैरवर्तनाचा प्रकार नव्हे. तथापि शेजाऱ्याला होणारा त्रास त्यामुळे नाहीसा होत नाही. विमानाचा आतील आवाज मुळातच ८० डेसिबलच्या आसपास असतो. त्यावर मात करून ऐकू येणारे रडणे रात्रभराच्या प्रवासात असह्य वाटू शकते, हे मान्य करावेच लागेल.

समर्थनार्थ मुद्दे :

बालकविरहित सेवेच्या समर्थकांचे म्हणणे हलक्याने घेण्याजोगे नाही. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया करावयाची आहे असा डॉक्टर, अर्धशिशीने त्रस्त रुग्ण, आवाजाची तीव्र संवेदनशीलता असलेली स्वमग्न व्यक्ती किंवा जवळच्या माणसाच्या अंत्यविधीहून परतणारा प्रवासी यांची शांततेची गरज खरी असते. दुसरा मुद्दा असा मांडला जातो की, काही हॉटेले व उपाहारगृहे केवळ प्रौढांसाठी असतात. मग विमानानेच काय वेगळे केले? तिसरा मुद्दा व्यवसायस्वातंत्र्याचा आहे. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(छ) ने व्यवसाय करण्याचे स्वातंत्र्य दिलेले आहे. ग्राहकांना हवी ती सेवा देण्याची मुभा कंपनीला असावी, असे या मताचे लोक म्हणतात.

यातील हॉटेलाची उपमा मात्र अपुरी पडते. एक उपाहारगृह बंद असेल तर शेजारच्या दुसऱ्या ठिकाणी जाता येते. दूरच्या गावी त्याच दिवशी पोहोचण्यासाठी असणारे एकमेव विमान बंद असेल तर पर्याय उरत नाही. जेवणाची जागा बहुधा आवडीचा प्रश्न असतो, प्रवास मात्र पुष्कळदा निकडीचा असतो. याच कारणाने विमानवाहतुकीला शासनाचा परवाना, ठरावीक वेळा व मार्गाविषयीची बंधने लागू आहेत.

काही जण धूम्रपानाचा दाखला देतात. एकेकाळी विमानात धूम्रपान करणाऱ्यांसाठी वेगळ्या रांगा असत आणि पुढे धूम्रपानावर संपूर्ण बंदी आली. परंतु धूम्रपान ही कृती आहे. ती थांबवून तोच माणूस प्रवास करू शकतो. बालपण थांबवून मूल प्रवास करू शकत नाही. नियम कृतीला लागू होतो तेव्हा तो शिस्त ठरतो, व्यक्तीच्या अवस्थेला लागू होतो तेव्हा तो बहिष्कार ठरण्याचा धोका असतो.

आर्थिक बाजू :

विमानातील आसन हा अत्यंत नाशवंत माल आहे. विमान उडाले की रिकाम्या आसनाची किंमत शून्य होते. त्यामुळे ग्राहकांचा एक मोठा गट दाराबाहेर ठेवणे कंपनीला सहसा परवडत नाही. शिवाय एका बालकाला नकार दिल्याने केवळ एकच प्रवासी कमी होत नाही. त्याच्यासोबत आई, वडील, भावंड आणि पुष्कळदा आजी-आजोबाही त्या विमानातून वजा होतात. संपूर्ण बालकविरहित उड्डाणांऐवजी काही रांगांचेच प्रयोग का झाले, याचे एक कारण या हिशेबात असावे.

दिवसाकाठी अनेक उड्डाणे असलेल्या मुंबई–दिल्लीसारख्या मार्गावर एखादे उड्डाण बालकविरहित ठेवता येईल, असे म्हणता येईल. परंतु तेथेही व्यवहारातील अडचण आहे. धुके, पाऊस किंवा तांत्रिक बिघाड यांमुळे उड्डाण रद्द झाले की त्यातील प्रवाशांना पुढील विमानांत जागा द्यावी लागते. पुढचे विमान बालकविरहित असेल तर रात्रभर ताटकळलेल्या मातेला, आसने रिकामी असूनही, विमानतळावरच थांबवून ठेवणार काय? याचे उत्तर होकारार्थी देण्याचे धाडस कोणती कंपनी करील, असे वाटत नाही.

सुरक्षिततेची बाजू :

प्रवासी विमानाच्या रचनेतच बालकाचे अस्तित्व गृहीत धरलेले असते. चव्वेचाळीसहून अधिक आसने असलेल्या विमानाला मान्यता देताना सर्व प्रवासी व कर्मचारी निम्म्या दारांतून ९० सेकंदांत बाहेर पडू शकतात, हे दाखवावे लागते. अमेरिकी व युरोपीय नियमांनुसार या चाचणीत प्रौढ स्त्री-पुरुषांचे विशिष्ट प्रमाण असते आणि शिवाय दोन वर्षांखालील बालकांच्या जागी मानवी आकाराच्या तीन बाहुल्या प्रवाशांनी उचलून न्याव्या लागतात. म्हणजे बालक हा विमानातील अपवादात्मक पाहुणा नसून नेहमीचा प्रवासी आहे, हे अभियंत्यांनी केव्हाच मान्य केले आहे. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेडा विमानतळावर जपान एअरलाइन्सच्या विमानाची तटरक्षक दलाच्या विमानाशी धडक झाली. तटरक्षक दलाच्या विमानातील पाच जण मृत्युमुखी पडले. प्रवासी विमान पेटले, परंतु त्यातील ३७९ जण, आठ तान्ह्या बालकांसह, जिवंत बाहेर आले.

येथे आसनव्यवस्थेचा प्रश्न पुढे येतो. आपत्तीच्या वेळी आई एका रांगेत आणि मूल दुसऱ्या रांगेत असेल तर आई दाराकडे न जाता मुलाकडे धावणार, हे उघड आहे. चिंचोळ्या वाटेत अशी उलट दिशेची धाव सर्वांनाच घातक ठरू शकते. शांत कक्षासाठी जितक्या रांगा बाजूला काढल्या जातात, तितका कुटुंबांना एकत्र बसविण्याचा अवकाश कमी होतो. म्हणून शांत कक्षाचा आकार हा केवळ विक्रीचा प्रश्न न राहता सुरक्षिततेचाही होतो.

कायदेशीर बाजू :

निरनिराळ्या देशांतील कायदे या प्रश्नावर एकमत नाहीत. अमेरिकेतील विमानप्रवासविषयक भेदभावबंदीच्या तरतुदीत वंश, वर्ण, राष्ट्रीय मूळ, धर्म, लिंग व पूर्वजपरंपरा यांचा उल्लेख आहे, वयाचा नाही. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यात वय हे संरक्षित लक्षण असले, तरी सेवा पुरविण्याच्या बाबतीत १८ वर्षांखालील व्यक्तींना वयाच्या आधारावरील ते संरक्षण मिळत नाही. याउलट कॅनडाच्या मानवी हक्क कायद्यात वय व कौटुंबिक स्थिती या दोहोंच्या आधारे भेदभाव करण्यास मनाई आहे.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५(१) मध्ये धर्म, वंश, जात, लिंग व जन्मस्थान यांचा उल्लेख आहे, वयाचा नाही. शिवाय ते बंधन राज्यसंस्थेवर आहे, खासगी कंपनीवर नव्हे. त्यामुळे शांत कक्ष सरळसरळ घटनाबाह्य ठरेल असे म्हणता येत नाही. परंतु संविधानाची दिशा पाहावयास हवी. अनुच्छेद १५(३) स्त्रिया व बालके यांच्यासाठी विशेष तरतूद करण्याची मुभा देतो. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम ५८ नुसार प्रवासी गाड्यांत स्त्रियांसाठी डबा वा आसने राखून ठेवली जातात. आपल्याकडे वेगळ्या डब्याची परंपरा आहे ती दुर्बलाला संरक्षण देण्याची. दुर्बलाला बाहेर ठेवण्यासाठी वेगळा डबा करणे, हे त्या परंपरेचे नेमके उलटे रूप होईल. भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेतील बालकाच्या सर्वोत्तम हिताचे तत्त्वही याच दिशेने बोट दाखविते.

भारतीय संदर्भ :

भारतात हा विषय २०१६ मध्ये चर्चेत आला. इंडिगो या कंपनीने १ ते ४ व ११ ते १४ या रांगा शांत कक्ष मानून तेथे १२ वर्षांखालील मुलांना आसन न देण्याचे धोरण ठेवल्याचे त्या वेळी पुढे आले. ए-३२० विमानात आपत्कालीन दारांजवळच्या रांगा याच पट्ट्यात येतात आणि सुरक्षेच्या नियमांमुळे तेथे मुलांना तसेही बसविता येत नाही. पण उरलेल्या रांगांना हे कारण लागू होत नव्हते. सहा आसनांच्या आठ रांगा म्हणजे ४८ आसने. १८० आसनांच्या विमानात हे प्रमाण एक चतुर्थांशाहून अधिक होते.

त्यानंतर नियमनाची दिशा कुटुंबाला एकत्र ठेवण्याकडे वळलेली दिसते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एप्रिल २०२४ मध्ये निर्देश दिला की, एकाच आरक्षणावर प्रवास करणाऱ्या १२ वर्षांपर्यंतच्या बालकाला किमान एका पालकाशेजारी आसन मिळावे व त्याची नोंद ठेवावी. अमेरिकेच्या परिवहन विभागानेही ऑगस्ट २०२४ मध्ये १३ वर्षांपर्यंतच्या बालकांना पालकाशेजारी विनाशुल्क बसविण्याचा नियम प्रस्तावित केला.

महाराष्ट्राच्या दृष्टीने यात आणखी एक पैलू आहे. प्रादेशिक हवाई जोडणीच्या ‘उडान’ योजनेतील पहिली उड्डाणे २७ एप्रिल २०१७ रोजी सुरू झाली, त्यांत नांदेड–हैदराबाद हा मार्ग होता. सिंधुदुर्गाचा चिपी विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये खुला झाला. अशा लहान विमानतळांवर उड्डाणे मोजकी असतात आणि बहुधा सत्तरेक आसनांची विमाने येतात. तेथील एखादे उड्डाण बालकविरहित करणे म्हणजे त्या दिवशी त्या गावातील कुटुंबांना विमानच नाही असे सांगणे होय. ‘उडान’ योजनेत तर तोटा भरून काढण्यासाठी सार्वजनिक मदत दिली जाते. ज्या सेवेत सर्वांचा पैसा आहे, तिचे दार बालकाला बंद ठेवता येणार नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. विमानातील शांतता केवळ मुलेच बिघडवितात असे नाही. मोठ्या आवाजात चित्रफिती पाहणारे, मद्याच्या अमलाखाली वाद घालणारे व कर्मचाऱ्यांशी अरेरावी करणारे प्रवासी प्रौढच असतात. सप्टेंबर २०१७ मध्ये भारतात बेशिस्त प्रवाशांसंबंधीचे सुधारित नियम आले. त्यांत गैरवर्तनाच्या तीन श्रेणी ठरवून प्रवासबंदीची तरतूद केली आहे. ही बंदी वर्तनासाठी आहे, वयासाठी नाही. शांततेचा प्रश्न सोडविण्याचा न्याय्य मार्ग हाच होय.

निष्कर्ष व सूचना :

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येते की, शांततेची गरज खरी आहे. परंतु तिच्यासाठी बालकाला प्रवास नाकारणे योग्य नाही. नकाराचा भार बालकाबरोबर त्याला सांभाळणाऱ्यावर, आणि आपल्या समाजात मुख्यतः आईवर पडतो. ज्या स्त्रीला आजारी वडिलांना पाहण्यासाठी तातडीने निघावयाचे आहे, तिला मूल आहे म्हणून उद्याचे विमान दाखविणे कोणत्याही सोयीच्या हिशेबात बसत नाही. या पार्श्वभूमीवर पुढील सूचना कराव्याशा वाटतात.

१) संपूर्ण बालकविरहित नियमित उड्डाणांना परवानगी असू नये. सार्वजनिक मदतीवर चालणाऱ्या मार्गांवर तर ती मुळीच असू नये.
२) शांत कक्ष केवळ मोठ्या विमानांत, मर्यादित आसनांपुरता असावा. अन्य जागा उपलब्ध नसल्यास तो कुटुंबांना खुला व्हावा.
३) शांत कक्षाचा नियम वर्तनावर आधारलेला असावा. तेथे बसणाऱ्या प्रौढांनाही दूरध्वनी, संभाषण व मनोरंजन साधनांबाबत तीच शिस्त लागू असावी.
४) बालकाला पालकाशेजारचे आसन विनाशुल्क मिळावे आणि त्याचे पालन तिकीट काढतानाच व्हावे.
५) बाळाच्या झोळीची सोय असलेली आसने, प्रथम प्रवेश आणि विमान उतरण्यापूर्वी बाळाला पाजण्याची वेळेवर सूचना यांवर कंपन्यांनी भर द्यावा. रडणे कमी करण्याचा हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

समारोप :

शांत आसन ही विकता येण्याजोगी सोय आहे आणि ती विकण्यास हरकत नाही. मात्र ती सोय दुसऱ्याचा प्रवास हिरावून घेऊन निर्माण होता कामा नये. विमानात बसलेला प्रत्येक प्रौढ केव्हा तरी कोणाच्या तरी मांडीवरचे रडणारे मूल होता आणि त्या वेळी कोणी तरी ते रडणे सोसले होते. प्रवासाची साधने बदलली तरी हे परस्परांचे देणे बदलत नाही. म्हणून यापुढील धोरण ठरविताना शांततेची सोय आणि बालकाची जागा या दोन्ही गोष्टी एकाच विमानात कशा बसतील, याचा शोध घेणे हेच अधिक श्रेयस्कर ठरेल.